मंगळवारी फातोर्ड्यात सिंगापूर: खालिद जमीलच्या डोक्यावरचं ओझं नक्की कसलं आहे?

मैदानवेडा | १० ऑक्टोबर २०२५, रात्री ११.४०

काल रहीम अलीनं ९० व्या मिनिटाला बरोबरी साधली तेव्हा मी विरार लोकलमध्ये उभा होतो. फोन हातात, पिशवी पायात. शेजारच्या माणसानं विचारलं, "क्रिकेट?" मी म्हटलं, "नाही, फुटबॉल. सिंगापूरविरुद्ध १-१." तो म्हणाला, "मग जिंकलो ना?" काय उत्तर द्यावं कळेना. बचावपटू संदेश झिंगनला दुसरं पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढल्यावर जवळजवळ अर्धा सामना दहा जणांनी खेळायचा आणि तरी एक गुण घेऊन यायचं, ही लढत होतीच. पण गटात तीन सामने झाले आणि आपले गुण दोन. २०२७ च्या आशिया चषकाला गटातून एकच संघ जाणार. म्हणजे मंगळवारी, १४ तारखेला, मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर जिंकावंच लागेल.

आणि आज सकाळपासून सगळीकडे एकच प्रश्न: आपला प्रशिक्षक खालिद जमील, त्याला जमेल का?

मी त्याला २०१५ च्या सुमारास मुंबईत कूपरेज मैदानावर बघायचो. तेव्हा तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक. क्लबकडे पैसा नाही, नावाजलेले परदेशी खेळाडू नाहीत. दरवर्षी तळाशी झुंजायचं आणि दरवर्षी शेवटी आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकून राहायचं. तो होता तोवर संघ एकदाही खाली गेला नाही. पुढे २०१७ मध्ये ऐझॉलसारख्या लहान क्लबला त्यानं आय-लीग जिंकून दिली. कमी बोलणारा माणूस. मैदानावर काय चाललंय ते त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला आम्ही गॅलरीवाले शिकलो होतो. १ ऑगस्टला तो भारताचा प्रशिक्षक झाला तेव्हा मला घरातलं कुणी झाल्यासारखा आनंद झाला. २०१२ मध्ये सावियो मदेरा गेले, त्यानंतर या जागेवर पूर्णवेळ बसलेला हा पहिला भारतीय.

मला विचारायचंय ते एवढंच. गुरुवारी सिंगापुरात सामना, मग विमान, मग मडगाव, आणि मंगळवारी पुन्हा सामना. पहिला दिवस प्रवासात आणि दुखरे पाय सोडवण्यात जातो, शेवटच्या दिवशी हलकाच सराव असतो. मध्ये उरतात दोन-तीन सराव. एवढ्यात प्रशिक्षक करणार काय? आपण त्याच्याकडून जे मागतोय ते त्याच्या हातात आहे का?

---

पेठेतला_गडी | ११ ऑक्टोबर, सकाळी ७.१५

भावा, चांगला धागा काढलास. मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय हे शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसल्याशिवाय कळत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी, प्रॅक्टिस अशा पेठा-तालमींच्या फुटबॉल संघांतला सामना असला की पेठेत दोन दिवस दुसरा विषय नसतो. आमच्या अनिकेत जाधवनं २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाची जर्सी घातली तेव्हा अख्खं गाव टीव्हीपुढं होतं.

मी तीन वर्षं एका तालमीच्या संघाचा कोच होतो. कुठल्या ते सांगत नाही, माणसं आपलीच आहेत. फायनलच्या आदल्या रात्री घरी पाच माणसं आली. एक माजी खेळाडू, दोन वर्गणी देणारे, एक मंडळाचा पदाधिकारी, आणि एक नुसताच मोठ्या आवाजाचा. पाचांच्या खिशात पाच वेगवेगळे संघ. सगळ्यांचं एकच म्हणणं, "अनुभवी पोरं घाल, रिस्क घेऊ नकोस." माझ्या डोक्यात उजवीकडं एक सतरा वर्षांचं पोरगं होतं. वाऱ्यासारखं पळायचं. अख्खा महिना मी त्याला तयार केलं होतं. सकाळी यादी लिहिताना माझ्याच हातानं त्याच्या जागी तीस वर्षांच्या जुन्या गड्याचं नाव लिहिलं. ते पोरगं बुटांच्या नाड्या बांधून बसलं होतं. यादी वाचली तसं खाली मान घालून एक-एक नाडी सोडत गेलं. आम्ही १-० नं हरलो.

म्हणून सांगतो, दडपण शिट्टी वाजल्यावर येत नाही. ते आदल्या रात्री, यादी लिहिताना येतं. जिंकायचा संघ माहीत असतो, आणि हात लिहितो तो आपल्याला कमी शिव्या बसतील असा संघ. एका पेठेचं हे असलं ओझं, तर अख्ख्या देशाचं केवढं असंल.

---

साळावली | ११ ऑक्टोबर, दुपारी १.०५

पेठेतला_गडी, नाड्यांचं वाचून गलबलून आलं.

मी मडगावची. फातोर्डा स्टेडियम घरापासून चालत वीस मिनिटं. मैदानवेडा यांच्या प्रश्नाचं उत्तर मला आमच्या गोव्यातच दिसतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुलै २०२४ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं मानोलो मार्केझना भारताचं प्रशिक्षकपद दिलं. ते तेव्हा एफसी गोवाचे प्रशिक्षक होते आणि हंगामभर दोन्ही कामं त्यांनीच केली. माणूस एक, डोकं एक, वर्षही एक. एफसी गोवानं त्यांच्या हाताखाली ३ मे २०२५ ला सुपर कप जिंकला. अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० नं हरवलं, आणि जमशेदपूरचे प्रशिक्षक होते खालिदच! त्याच मानोलोंचा भारताबरोबरचा हिशेब: आठ सामने, एक विजय, तोही मालदीवविरुद्ध. शिलाँगला बांगलादेशशी ०-०. १० जूनला हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१. जुलैच्या सुरुवातीला ते गेले.

त्यांना फुटबॉल कळत नाही असं म्हणायची गोव्यात कुणाची हिंमत नाही. मग फरक कसला? दिवसांचा. आम्ही त्यांचा क्लबचा सराव बघायला जायचो. एकच हालचाल, डावीकडून आत येऊन मागे पास, पुन्हा, पुन्हा, चार दिवस. पाचव्या दिवशी मुलं ती न बघता करायची. शनिवारी हरलात तर सोमवारी चूक दाखवता येते आणि पुढच्या शनिवारी सुधारता येते. देशाच्या संघाला सोमवार नसतो. हाँगकाँगचा सामना जूनमध्ये हरला, आता गटातला पुढचा सामना थेट ऑक्टोबरात. चार महिने ती हार तशीच पडून राहते, लोक तिच्यावर बोलत राहतात, आणि प्रशिक्षकाकडे दुरुस्त करायला मुलंच नसतात.

---

आकडेमोड | ११ ऑक्टोबर, रात्री ९.३०

वाईट वाटून घेऊ नका, पण मला हे सगळं पटत नाही.

दिवस कमी आहेत ते दोघांनाही. सिंगापूरच्या प्रशिक्षकालाही गुरुवार ते मंगळवार एवढाच वेळ आहे, आणि परदेशी प्रवास त्यांना आहे, आपण घरी खेळतोय. क्रमवारीत ते आपल्या खाली आहेत. ज्याला दडपण सोसत नाही त्यानं ही खुर्ची घेऊ नये. मानोलोंच्या आधीचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी काय केलं? पाच वर्षं होते. २०२३ मध्ये सॅफ, इंटरकॉन्टिनेंटल आणि इंफाळची तिरंगी मालिका अशा तीन स्पर्धा जिंकल्या, आपण पहिल्या शंभरात आलो. मग आशिया चषकात तिन्ही सामने हरलो, एकही गोल नाही. मार्च २०२४ ला गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२. तेव्हा त्यांनी जाहीरच करून टाकलं की विश्वचषक पात्रतेची तिसरी फेरी गाठली नाही तर मी जातो.

आणि खालिदनं तरी काय वेगळं केलं? निवृत्तीतून परतलेल्या ४१ वर्षांच्या सुनील छेत्रीला पुन्हा संघात घेतलं. पेठेतला_गडी म्हणतात तोच तीस वर्षांचा जुना गडी. फक्त अकरा वर्षांनी मोठा.

---

मैदानवेडा | ११ ऑक्टोबर, रात्री १०.५०

आकडेमोड, तुमचा शेवटचा मुद्दा टोचला, कारण तो खरा आहे. ऑगस्टमध्ये काफा नेशन्स कप स्पर्धेसाठी ताजिकिस्तानला गेलेल्या संघात खालिदनं छेत्रीला घेतलं नव्हतं. तिथं यजमानांना २-१ नं हरवलं, ओमानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून तिसरं स्थान मिळवलं. तेही मोहन बागानचे खेळाडू नसताना, कारण ती स्पर्धा फिफाच्या ठरलेल्या तारखांच्या आधी सुरू होत होती आणि क्लबनं पोरं सोडली नाहीत. म्हणजे ज्या स्पर्धेकडून कुणाची अपेक्षा नव्हती तिथं त्यानं मोकळ्या हातानं संघ निवडला. सामना पात्रतेचा झाला आणि हात ओळखीच्या नावाकडे गेला. छेत्रीला मी दोष देत नाही, या वयातही तो बोलावलं की येतो.

पण स्टिमाचचं उदाहरण तुम्ही दिलंत ते तुमच्याच विरुद्ध जातं. ६ जून २०२४, सॉल्ट लेक, कुवेत. तो सामना जिंकलो असतो तर तिसऱ्या फेरीचं दार जवळपास उघडलं असतं. पण मे महिन्यात छेत्रीनं निवृत्ती जाहीर केली आणि तो सामना त्याच्या निरोपाचा झाला. साठ हजारांच्या आसपास माणसं छेत्रीसाठी आली होती. प्रशिक्षक स्वतःची नोकरी पणाला लावून बसलेला, खेळाडूंच्या डोळ्यांत पाणी. ०-० संपला. मी कोलकात्याला गेलो होतो. छेत्री मैदानाला फेरी मारत होता आणि माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा गुणतक्ता काढून बापाला विचारत होता, "मग आता कतारला हरवायचं?" बाप काही बोलला नाही. पाच दिवसांनी दोह्यात आपल्या छांगटेनं आघाडी मिळवून दिली, मग सीमारेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारनं केलेला गोल पंचांनी मान्य केला, आणि १-२. १७ जूनला स्टिमाचना काढलं.

"नाही जमलं तर जातो" असं प्रशिक्षकानं सामन्यांआधी बोलून दाखवलं की त्या वाक्याचं ओझं तेवीस जणांच्या पाठीवर जातं. खालिदनं तसलं एकही वाक्य अजून काढलेलं नाही, याचा मला आदर वाटतो.

---

टॅम्पिनीसकर | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

मी मूळची सांगलीची, बारा वर्षं सिंगापुरात आहे. गुरुवारी नॅशनल स्टेडियमला होते, निळा शर्ट घालून. आकडेमोड यांच्या "दोघांनाही तेवढेच दिवस" याला उत्तर देते.

इथले प्रशिक्षक गॅविन ली पस्तिशीचे आहेत. आधीचे जपानी प्रशिक्षक ओगुरा जूनमध्ये गेले, म्हणून यांना तात्पुरतं बसवलं. इथंही लोक नाखूष होते, मोठं नाव आणा म्हणत होते. पण ली यांनी इथल्या टॅम्पिनीस रोव्हर्स क्लबमध्ये वर्षानुवर्षं काम केलंय, अर्धे खेळाडू त्यांना लहानपणापासून ओळखतात. लायन सिटी सेलर्स हा क्लब याच वर्षी मे महिन्यात आशियाई चॅम्पियन्स लीग टूच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला होता. तिथली मुलं देशाच्या संघात येतात तेव्हा ती आठवड्यापूर्वीच एकत्र खेळलेली असतात. प्रशिक्षकाला तीन सराव मिळाले तरी उरलेले तीनशे दिवस त्यांच्या लीगनं काम करून ठेवलेलं असतं.

आणि आपली लीग? जुलैपासून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, थांबलेली आहे. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांचा करार डिसेंबरात संपतोय, पुढचं ठरलं नाही म्हणून हंगामच सुरू झाला नाही. गुरुवारी शेवटच्या वीस मिनिटांत आपल्या मुलांच्या पोटऱ्या धरत होत्या, ते मी चौदाव्या रांगेतून बघितलं. एक जण थ्रो घ्यायला गेला, चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि टाकण्याआधी तीन श्वास घेतले. मी मोजले. या मुलांना स्पर्धेचा सामनाच मिळालेला नाही तर प्रशिक्षक काय करील?

---

आकडेमोड | १२ ऑक्टोबर, सकाळी १०.००

टॅम्पिनीसकर, हे मला माहीत होतं पण असं जोडून बघितलं नव्हतं. विचार करतो. तरी मंगळवारी जिंकायलाच हवं.

---

जुना_रोव्हर्स | १२ ऑक्टोबर, दुपारी ४.४५

मुलांनो, मी सत्तरी ओलांडलेला माणूस. कूपरेजला रोव्हर्स कप ही जुनी फुटबॉल स्पर्धा बघत वाढलो. एक गोष्ट सांगतो, ती आम्हाला वडीलधाऱ्यांनी गॅलरीत बसून सांगितली.

१९६२, जकार्ता, आशियाई खेळ. सय्यद अब्दुल रहीम, आमचे रहीमसाहेब, भारताचे प्रशिक्षक. पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरलो. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले. तंगराज तापानं आजारी. इस्रायल आणि तैवानला आमंत्रण न दिल्याबद्दल आपल्या एका अधिकाऱ्यानं जाहीर टीका केली, त्यामुळे सगळं जकार्ता भारताविरुद्ध पेटलेलं. आणि रहीमसाहेबांना स्वतःला फुप्फुसाचा कर्करोग. यापेक्षा मोठं दडपण कुठल्या प्रशिक्षकावर असेल?

अंतिम सामना पुन्हा कोरियाशीच. रहीमसाहेबांनी काय केलं? जर्नेल बचावपटू, डोक्याला पट्टी, त्याला आघाडीला खेळवलं. उपांत्य सामन्यात खेळवलं होतं, अंतिम सामन्यातही खेळवलं. तंगराजला परत गोलमध्ये आणलं. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, दुसरा जर्नेलनं. २-१. सुवर्णपदक. पुढच्या जूनमध्ये रहीमसाहेब गेले.

लोक याला हिंमत म्हणतात. हिंमत होतीच. पण १९५० पासून ते या संघाबरोबर होते. १९५१ चं सुवर्ण, मेलबर्न ऑलिंपिकचं चौथं स्थान, रोम ऑलिंपिक, सगळं त्यांच्याच हाताखाली. कुणाच्या पायात काय आहे हे त्यांना बारा वर्षं माहीत होतं. जर्नेलला पुढे आणणं बाहेरच्याला जुगार वाटेल, त्यांना ते पाठ होतं. खालिदला ऑगस्टपासून अडीच महिने झालेत. त्याच्याकडून आपण जकार्ता मागतोय.

---

पेठेतला_गडी | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.१०

काका, नमस्कार. हे आमच्या पोरांना वाचून दाखवणार.

---

साळावली | १४ ऑक्टोबर, रात्री ११.५५

आत्ताच घरी आले. भारत १, सिंगापूर २.

चौदाव्या मिनिटाला छांगटेनं लांबून मारला तेव्हा आम्ही सगळे उभे. माझ्या बाजूला एक पात्रांव भाचीला खांद्यावर घेऊन नाचत होता. त्यानंतरची पंचवीस मिनिटं मी इतकी आनंदात कधी नव्हते. पण हळूहळू दिसायला लागलं: मुलं मागे सरकत होती. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपोआप. मिळालेलं हातचं जाऊ नये म्हणून माणूस जसा पदर घट्ट धरतो तसं. मध्यंतराच्या तोंडावर साँग उई-याँगनं बरोबरी केली आणि स्टेडियम एका क्षणात गप्प झालं. खुर्चीचा पत्रा वाजला तरी ऐकू येत होता. ५८ व्या मिनिटाला त्याचाच दुसरा. मग अर्धा तास आपण उंच चेंडू टाकत राहिलो.

झिंगन निलंबित, तो नव्हता. शेवटी खेळाडू बाहेर पडताना मागून कुणीतरी खालिदला घरी जायला सांगत होतं, कोकणीत, फार वाईट शब्दांत. मी वळून त्याला म्हटलं, बाबा, तो घरीच आहे रे, हेच त्याचं घर.

आशिया चषक गेला.

---

आकडेमोड | १५ ऑक्टोबर, रात्री १२.३०

मी सामना संपल्यावर "राजीनामा द्या" असं इथं टंकलं होतं. पाठवण्याआधी टॅम्पिनीसकर यांचा प्रतिसाद पुन्हा वाचला आणि खोडलं. आघाडी घेतल्यावर मागे सरकायचं नाही हे शिकवायला सामनेच लागतात, आणि ते या मुलांना मिळालेच नाहीत. पण एक म्हणतो, प्रशिक्षकानं हे सामन्यांआधी स्पष्ट बोलायला हवं होतं. गप्प राहून तो महासंघाच्या वाट्याचं ओझंही स्वतःच्या डोक्यावर घेतोय.

---

टॅम्पिनीसकर | १५ ऑक्टोबर, सकाळी ७.००

इथं ऑफिसात सगळे अभिनंदन करतायत एकमेकांचं. एका सहकाऱ्यानं मला येऊन सांगितलं, "तुमचा पहिला गोल फार सुंदर होता." बरं वाटलं आणि रडूही आलं.

---

मैदानवेडा | १९ नोव्हेंबर, रात्री १०.१५

महिनाभर इथं लिहावंसं वाटलं नाही. काल ढाक्यात बांगलादेशकडून ०-१. बावीस वर्षांनी ते आपल्याला हरवतायत. गटातून बाहेर पडलेलो होतो, सामन्याला गुणांचा अर्थ उरला नव्हता, तरी हा पराभव सगळ्यांत जास्त लागला. आणि कालच सिंगापूरनं हाँगकाँगमध्ये २-१ नं जिंकून पात्रता मिळवली. टॅम्पिनीसकर, तुमच्या गॅविन लींचं अभिनंदन कळवा.

आकडेमोड, बोलायला हवं होतं हे तुमचं म्हणणं मी महिनाभर मनात घोळवलं. आता पटतंय. मी खालिदच्या गप्प राहण्याचं कौतुक केलं होतं. पण कूपरेजला तो गप्प राहायचा तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पोरांना घेऊन मैदानावर असायचा. त्याचं बोलणं तिथं व्हायचं. आता त्याच्याकडे ती सकाळच नाही. त्यानं उघड सांगावं: मला लीग द्या, मला पोरं वेळेवर द्या, सराव सामने द्या. हे मागणं म्हणजे सबब सांगणं नव्हे.

गटातला शेवटचा सामना हाँगकाँगशी, ३१ मार्चला, आपल्या घरी. कालपासून मोजले तर १३३ दिवस. लीग कधी सुरू होणार याची तारीख अजून कुणी दिलेली नाही. पेठेतला_गडी, त्या सतरा वर्षांच्या पोराचं पुढं काय झालं, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

---

पेठेतला_गडी | २० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

खेळतंय अजून. दुसऱ्या तालमीकडून. पुढच्या हंगामात आमच्याच विरुद्ध दोन गोल केले, आणि सामना संपल्यावर येऊन माझ्या पाया पडला. मी त्याला म्हटलं, तुझं चुकलं नव्हतं बाळा, त्या दिवशी माझं चुकलं. तो म्हणाला, "माहीत आहे सर. त्या रात्री तुमच्या घरासमोर पाच गाड्या लागल्या होत्या, आमच्या गल्लीतनं दिसत होत्या."